‘प्रतिगामी’ : एका भाषांतराची वक्रगती

मराठी समीक्षेत ‘प्रतिगामी’ हा शब्द ज्या सहजतेने वापरला जातो, ती सहजताच संशयास्पद आहे. एखादा कवी ओवीकडे वळला, एखाद्या कादंबरीकाराने गावगाड्याचे आस्थेने चित्रण केले, की हा शब्द तयारच असतो. आणि तो एकदा उच्चारला की कलाकृतीच्या विश्लेषणाची जबाबदारी संपली असे मानले जाते. हा दोष केवळ समीक्षकांच्या आळसाचा नाही. त्याचे एक मूळ भाषांतरात आहे.

इंग्रजीतील तीन भिन्न संज्ञा मराठीने या एका शब्दात कोंबल्या आहेत. ‘रिॲक्शनरी’ हा फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात घडलेला राजकीय शब्द. क्रांतीला विरोध करण्याचा हेतू त्यात गृहीत आहे. ‘रिग्रेसिव्ह’ हा अर्थशास्त्रात मोजमापाचा शब्द आहे. ज्या कराचा भार कमी उत्पन्नावर प्रमाणाने अधिक पडतो तो कर प्रतिगामी. तो बसवणाऱ्याच्या हेतूचा येथे प्रश्नच नाही. ‘रिट्रोग्रेड’ हा या तिघांत सर्वांत जुना. ‘मागे’ आणि ‘पाऊल टाकणे’ अशा दोन लॅटिन घटकांपासून तो बनला असून चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या ॲस्ट्रोलेबविषयक ग्रंथात तो ग्रहगतीच्या संदर्भात येतो.

या तिसऱ्या अर्थासाठी भारतीय परंपरेत नेमका शब्द होता : वक्री. सूर्यसिद्धान्ताने ग्रहगतीचे जे आठ प्रकार सांगितले आहेत त्यांत वक्रगतीचा समावेश आहे. मंगळ सुमारे २६ महिन्यांनी एकदा वक्री होतो आणि दोन-अडीच महिने ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उलटा सरकताना दिसतो. वस्तुतः तो मागे जात नाही. आतल्या कक्षेतून अधिक वेगाने जाणारी पृथ्वी त्याला ओलांडते, म्हणून तो मागे जातो असे भासते. कोपर्निकसने १५४३ साली दिलेल्या उपपत्तीचे मर्म हेच की, ही वक्रता निरीक्षकाच्या गतीतून उद्भवते. ‘वक्री’ या शब्दाला निंदेचा स्पर्श फलज्योतिषाने दिला, गणिताने नव्हे. ‘प्रतिगामी’ने मात्र निरीक्षण वगळून निंदा तेवढी ठेवली.

साहित्यातही हेच घडते. महात्मा फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि पुढे अभंगाच्या वळणाने अखंड लिहिले. मर्ढेकरांच्या १९४७ सालच्या ‘काही कविता’मध्ये यंत्रयुगातील विफलता संतांच्या छंदांतून व्यक्त झाली. केवळ रूपबंध पाहणाऱ्याला या दोघांची गती मागची वाटेल. प्रत्यक्षात जुन्या छंदाचा आश्रय घेऊनच त्यांनी समकालीन जाणिवेला वाट करून दिली. येथे मागे जाणे दिसते ते समीक्षक ‘नवा छंद म्हणजे प्रगती’ या गृहीतकावर स्वार झालेला असतो म्हणून. आणि हे गृहीतक तो कधी तपासत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. सारेच निरीक्षकावर अवलंबून असेल तर खऱ्या अधोगतीलाही अभय मिळेल, आणि परंपरेच्या नावाखाली विषमतेचे समर्थन करणारे या युक्तिवादाचे स्वागतच करतील. आक्षेप गंभीर आहे. परंतु त्याचे उत्तरही खगोलशास्त्रातच आहे. खरी उलटी गतीही अस्तित्वात आहे. ट्रायटन हा उपग्रह नेपच्यूनच्या परिवलनाच्या उलट दिशेने त्याच्याभोवती फिरतो, आणि ही गती आभासी नाही. मात्र ती ‘उलटी’ ठरते ती नेपच्यूनच्या परिवलनाचा संदर्भ स्पष्टपणे सांगितल्यामुळे.

समीक्षकाकडून अपेक्षा एवढीच आहे. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’त १८८२ साली पुरुषी नीतीचा दुटप्पीपणा उघड केला. त्यानंतरची एखादी कादंबरी, तो प्रश्न कधी उपस्थितच झाला नव्हता अशा थाटात स्त्रीच्या मूक सहनशीलतेचा गौरव करत असेल, तर तिला प्रतिगामी म्हणायला संकोच नको. येथे संदर्भ सांगितलेला आहे, दिशा दाखवता येते आणि प्रतिपक्षाला पुरावा तपासता येतो. छंद, आशय आणि सामाजिक परिणाम हे तीन वेगळे अक्ष आहेत. एकावरील माघार दुसऱ्यावरील माघारीचा पुरावा होत नाही.

तीन संज्ञांचे हे ओझे एका शब्दावर टाकल्याने सर्वाधिक हानी पुरोगामी समीक्षेचीच झाली आहे. ज्या शब्दाने अन्यायाकडे बोट दाखवायचे, तोच अभिरुचीतील मतभेदांवर खर्ची पडला. आणि खरी माघार समोर उभी राहिली तेव्हा तो बोथट झालेला होता. त्याला पुन्हा धार यायची असेल, तर तो उच्चारणाऱ्याने कशापासून मागे, कोणत्या अक्षावर मागे आणि कोठे उभे राहून पाहिले असता मागे, हे आधी सांगितले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर तो शब्द वापरण्याचा अधिकारही राहत नाही.