चौदा वर्षांची सून

२१ जुलै २००८ रोजी ‘कलर्स’वर ‘बालिका वधू’ सुरू झाली, तेव्हा आनंदीची भूमिका करणारी अविका गोर अकरा वर्षांची होती. २०११च्या एप्रिलमध्ये त्याच वाहिनीवर ‘ससुराल सिमर का’ सुरू झाली, तेव्हा तिला चौदावंही पूर्ण झालं नव्हतं. पहिल्या मालिकेत या मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे, असं वाहिनी आपल्याला रोज रात्री बजावत होती. दुसऱ्या मालिकेत तीच मुलगी रोली झाली, सासरी नांदायला गेली, नायकाची बायको झाली. हाही अपराध आहे, असं तेव्हा कोणी म्हटलं नाही. मी म्हणते. कायद्याच्या पुस्तकात त्याला कलम नसेल, पण एका अल्पवयीन मुलीला देशासमोर वर्षानुवर्षं बाई म्हणून उभं करणं हा अपराधच आहे आणि त्यात वाहिनी, निर्माते आणि आपण प्रेक्षक सगळे सामील आहोत.

‘बालिका वधू’चं श्रेय मी नाकारत नाही. राजस्थानातल्या जैतसर गावची ती गोष्ट, सुरेखा सिक्रींची करडी दादीसा आणि खेळण्याच्या वयात सासरी आलेली आनंदी यांनी बालविवाहाचा प्रश्न घराघरांत नेला. भाग संपला की पडद्यावर बोधवाक्य यायचं. २०१०मध्ये कथानकाने काही वर्षांची उडी मारली आणि आनंदी मोठी झाली. मोठ्या आनंदीसाठी वाहिनीने अविकाला ठेवलं नाही. प्रत्युषा बॅनर्जी ही वयाने मोठी अभिनेत्री निवडली. म्हणजे पोर कोण आणि बाई कोण, हे या मंडळींना नेमकं कळत होतं. तरीही वर्षभरात त्याच वाहिनीवर तीच मुलगी डोक्यावर पदर घेऊन सून म्हणून उभी राहिली. तिच्या नायकाचं काम करणारा अभिनेता तिच्यापेक्षा सुमारे अठरा वर्षांनी मोठा होता. ही नजरचूक नव्हती. तिचा चेहरा घराघरांत ओळखीचा झाला होता, तो विकायचा होता आणि त्याच्या आड तिचं वय येऊ द्यायचं नव्हतं.

‘अहो, तो अभिनय आहे,’ असं सांगणाऱ्यांना माझं उत्तर आहे. लहान मुलाने लहान मुलाची भूमिका करणं म्हणजे अभिनय. आनंदी हा अभिनय होता. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला भारी साडी, दागिने आणि सिंदूर चढवून नवऱ्याबरोबरचे प्रेमप्रसंग करायला लावायचे, तेव्हा कॅमेरा तिच्या अभिनयाकडे नाही, तिच्या शरीराकडे बाई म्हणून पाहत असतो. तो प्रसंग रचणारे, टिपणारे आणि विकणारे सगळे प्रौढ असतात. त्या खोलीत वयाने लहान असते ती एकटीच.

‘आई-वडिलांची संमती होती ना?’ असते की! प्रत्येक बालविवाहात आई-वडिलांची संमती असते. म्हणून तर कायद्याने ती संमती मोजायचीच नाही असं ठरवलं.

‘पण तिचं तर चांगलंच झालं.’ झालं, आणि ते तिने स्वतः केलं. २०१३मध्ये ‘उय्याला जम्पाला’पासून ती तेलुगू चित्रपटांत गेली, ‘खतरों के खिलाडी’त उतरली, भयपट केले. आज ती स्वतःच्या पायावर उभी आहे. तिचं खरं लग्न २०२५मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तिच्या मर्जीने झालं. या यशाचं माप तिच्या पदरात घालायचं, त्या निर्मात्यांच्या नाही. एखादी मुलगी पूर पोहून पार झाली, म्हणून तिला पुरात ढकलणाऱ्याला कोणी शाबासकी देत नाही.

आता कायदा काय करतो ते पाहा. २०१६च्या जुलैमध्ये ‘बालिका वधू’ संपली आणि त्याच महिन्यात बालकामगार कायद्यातली दुरुस्ती संसदेत संमत झाली. २०१७च्या नियमांनी बालकलाकारासाठी दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त चित्रीकरण नाही, कमाईतला किमान २० टक्के हिस्सा मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव, आणि जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी अशी बंधनं घातली. तास मोजले, पैसे मोजले. भूमिकेचं वय मात्र मोजलं नाही. अल्पवयीन मुलीला पडद्यावर कोणाची बायको करता येणार नाही, हे एक साधं वाक्य त्या नियमांत नाही.

प्रेक्षकांना हे कळत नाही असंही नाही. २०१७मध्ये सोनीवरच्या ‘पहरेदार पिया की’ या मालिकेत नऊ वर्षांच्या मुलाचं तरुणीशी लग्न दाखवलं. लोक खवळले, तक्रारी झाल्या, मंत्रालयापर्यंत गेल्या आणि काही आठवड्यांत मालिका बंद पडली. मुलगा नवरा झालेला आपल्या डोळ्यांत खुपला. मुलगी बायको झालेली खुपली नाही. उलट ‘किती गोड दिसते’ म्हणून आपण ती वर्षानुवर्षं पाहिली. हा फरक आपल्या मनातल्या घाणीचा आहे आणि तो दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही.

महाराष्ट्राने तर याबाबत बोलायचं टाळूच नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. बीड, परभणीच्या ऊसतोड वस्त्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून पोरीचं लग्न लवकर उरकतात. तिथे वयाची चौकशी केली की ठरलेलं उत्तर येतं : ‘थोराड अंगाची आहे, दिसत नाही लहान.’ मालिकेसाठी मुलगी निवडणाऱ्यांनी याहून वेगळं काय केलं? अंग पाहिलं, वय झाकलं. तांड्यावरच्या बापाला आपण अडाणी म्हणतो. गोरेगावच्या वातानुकूलित कचेरीत बसलेल्यांना सर्जनशील म्हणतो.

हिंदी मालिकांचा मोठा कारखाना आपल्या मुंबईत आहे. चित्रीकरण इथे होतं, परवानगीवर शिक्का इथल्या जिल्हा प्रशासनाचा बसतो. म्हणून माझी मागणी राज्य सरकारकडे आहे : अठराच्या आतल्या कोणत्याही मुलीला विवाहितेच्या वा प्रणयाच्या भूमिकेत घेण्यावर सरसकट बंदी घाला. अर्जासोबत जन्मदाखला आणि भूमिकेचं पूर्ण वर्णन सक्तीचं करा. कथानकाने उडी मारली तर परवानगी नव्याने घ्यायला लावा. नियम मोडणाऱ्या मालिकेचं प्रक्षेपण थांबवा; दंड भरून सुटायची सोय ठेवू नका. बालविवाहाच्या विरोधात बोधवाक्यं दाखवणाऱ्या वाहिन्यांनी या मागणीला आधी पाठिंबा द्यावा. तो देता येत नसेल, तर ती बोधवाक्यं त्यांनी पुन्हा पडद्यावर आणू नयेत.