तुरुंग बांधायला पैसे द्या, पण आधी आत कोण आहे ते बघा

तुरुंगातल्या गर्दीचा विषय निघाला की सरकारचं उत्तर ठरलेलं असतं. नवीन कारागृह बांधू, बरॅकी वाढवू, मुंबई-पुण्यात बहुमजली तुरुंग उभारू. सरकार कोणाचंही असो, उत्तर तेच. आणि त्या बातमीखाली आपल्या कमेंटही ठरलेल्या असतात: "आमच्या टॅक्सच्या पैशात गुन्हेगारांना बंगले कशाला?"

माझं म्हणणं दोघांनाही पटणार नाही. तुरुंगांवर खर्च झालाच पाहिजे. पण आज ज्या पद्धतीने मागितला जातोय, तसा नाही.

आधी आकडे बघू. एनसीआरबीच्या अहवालानुसार 2012 साली देशातल्या तुरुंगांची क्षमता 3 लाख 43 हजार होती आणि आत 3 लाख 85 हजार माणसं होती. 2022 साली क्षमता 4 लाख 36 हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत आपण सुमारे 93 हजार माणसांची जागा वाढवली. गर्दी कमी झाली का? नाही. कैदी झाले 5 लाख 73 हजार. आधी 100 जणांच्या जागेत 112 होते, आता 131.

आता खरी गोम ऐका. या दहा वर्षांत कैदी वाढले 1 लाख 88 हजार. त्यातले जवळपास 1 लाख 79 हजार कच्चे कैदी, म्हणजे कारागृहाच्या भाषेत न्यायबंदी. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, खटला चालू आहे किंवा सुरूच झालेला नाही, असे. शिक्षा झालेल्यांनी तुरुंग भरलेले नाहीत. ते भरलेत तारखेची वाट बघणाऱ्यांनी.

महाराष्ट्रात तर चित्र आणखी वाईट आहे. 2022 ला क्षमता 25 हजारांच्या आसपास, कैदी 40 हजारांच्या वर, आणि त्यात सुमारे 80 टक्के न्यायबंदी. 1871 सालचं येरवडा साधारण अडीच हजारांसाठी आहे, तिथे सहा हजारांच्या आसपास माणसं राहिलीत. शंभरी गाठलेल्या आर्थर रोडची जागा आठशे ते हजार जणांची, तिथे तीन हजारांच्या वर. मे 2020 मध्ये तिथे दीडशेहून जास्त जणांना कोरोना झाला. नवल कसलं? सहा फूट अंतर ठेवायला आधी सहा फूट जागा लागते ना.

केंद्राच्या 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत बरॅकीत माणशी 3.71 चौरस मीटर जागा सांगितली आहे. म्हणजे साधारण 40 चौरस फूट. त्यात तिप्पट माणसं कोंबली की एकाच्या वाट्याला 13 चौरस फूट उरतात. एक अंथरूण. तेही हातपाय न पसरता.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या गल्लीतला एक पोरगा मोबाईल चोरीच्या केसमध्ये आत गेला. चोरी केली की नाही ते कोर्ट ठरवेल, मी त्याची बाजू घेत नाही. कोर्टानं त्याला 15 हजारांचा जामीन दिला. जामीन मिळाला! आणि त्यानंतर चार महिने तो आतच होता. आई चार घरची धुणीभांडी करते. जामीनदार आणायचा कुठून? जामीनदार पाहिजे म्हणजे त्याचं रेशन कार्ड पाहिजे, पत्त्याचा पुरावा पाहिजे, वर ऐपतीचा दाखला पाहिजे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांच्या ओळखीत असा माणूस सापडत नाही. ती माऊली मला विचारायची, "दादा, जज साहेबांनी सोडलं म्हणतात, मग सोडत का नाहीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिच्याबरोबर मी दोनदा मुलाखतीला गेलो. तुरुंगाचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठेही असंच आहे. पोरगा सांगत होता, रात्री पाळीपाळीने झोपतात. कूस बदलायची तर शेजारच्याला उठवावं लागतं. सकाळी संडासाला रांग, पाणी संपलं की संपलं. अंगभर खरूज. बोलताना सारखा हात खाजवत होता आणि आई काचेपलीकडून बघत होती.

शेवटी विधी सेवेच्या एका वकील मॅडमनी अर्ज टाकला. कोर्टानं रक्कम कमी केली, जामीनदाराऐवजी रोख भरून घेतलं. एका तारखेत काम झालं. एका! ते चार महिने कोणाच्या खात्यात मांडायचे? त्या चार महिन्यांत सरकारनं त्याच्या जेवणावर, पहाऱ्यावर, औषधावर जे घालवलं, त्याचा हिशोब कोण करणार?

म्हणून मला राग येतो. अशा पोरांसाठी आपण कोट्यवधींच्या बरॅकी बांधायच्या, आणि त्यांना घरी पाठवायला लागणाऱ्या काही हजारांसाठी हात आखडायचा?

बरं, तरतुदी नाहीत असंही नाही. गरीब कैद्यांसाठी केंद्राची 2023 ची योजना आहे. 2023 च्या नियमांत न्यायबंदीला जामिनासाठी 40 हजारांपर्यंत, शिक्षा झालेल्याला दंड भरायला 25 हजारांपर्यंत मदत ठरवली होती. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2023 मध्येच सांगितलंय. नवीन नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 सांगतं की आधी कधीही कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की काही अपवाद वगळता त्याला सोडायचं. कागदावर सगळं आहे. पण ते कागद रोज तपासायला माणूस, संगणक आणि वकील लागतो. फीत कापायला मिळत नाही म्हणून त्यासाठी पैसा निघत नाही.

"म्हणजे नवीन तुरुंग नकोच का?" असं कोणी विचारेल. तसं मी म्हणत नाही. आर्थर रोडसारख्या ठिकाणी जागा लागणारच. पण क्रम लावा. आहे त्या तुरुंगांत आधी संडास, पाणी, ड्रेनेज, दवाखाना आणि वायरिंग नीट करा. व्हिडीओ कॉन्फरन्सच्या खोल्या वाढवा, पोलीस गार्ड नाही म्हणून तारीख बुडायला नको. कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स बघा. तीही माणसंच आहेत, गळक्या छपराखाली राहून बारा तास ड्युटी करणाऱ्याकडून सुधारणेची अपेक्षा कशी ठेवायची? केंद्राची 2021 ते 2026 ची 950 कोटींची कारागृह आधुनिकीकरण योजना मुख्यतः सुरक्षा उपकरणांवर बेतलेली आहे. आणि राज्यघटनेप्रमाणे तुरुंग हा राज्याचा विषय आहे. त्यामुळे दिल्लीकडे बोट दाखवून चालणार नाही, संडास मुंबईच्या बजेटमधूनच व्हायचेत.

आणि नवीन बांधायचंच असेल तर खुली कारागृहं का नाही? आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा प्रयोग औंधच्या राजांनी 1939 साली केला. 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचला. उंच भिंती नाहीत, कैदी शेती करतात, कुटुंबासोबत राहतात. हा विचार आपल्याच मातीत उगवलेला असताना आपण बहुमजली काँक्रीटची स्वप्नं बघतोय.

"गुन्हेगारांचा एवढा पुळका कशाला?" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा द्या, पूर्ण द्या. पण शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणं. खरूज, टीबी आणि पाळीपाळीने झोप ही शिक्षा कोणत्याही कलमात लिहिलेली नाही. आणि आतल्या दहापैकी आठ जणांना तर अजून शिक्षाच झालेली नाही.

तुमच्या आमदाराला पुढच्या वेळी दोनच प्रश्न विचारा. आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगात जामीन होऊनही अडकलेले किती जण आहेत? आणि गरीब कैद्यांच्या योजनेतून गेल्या वर्षभरात किती सुटले? उत्तर मिळालं नाही, तर नवीन बरॅकीच्या भूमिपूजनाला टाळ्या वाजवू नका.

तो पोरगा आता एका गॅरेजवर कामाला आहे. केस चालू आहे. तारखेला न चुकता जातो.