धर्मांतराची ओरड आणि भूमिहीनांचा प्रश्न

मुखेड तालुक्यातील एखाद्या मांगवाड्यात, पत्र्याच्या खोलीत रविवारची ख्रिस्ती प्रार्थना भरू लागली की एरवी त्या वस्तीकडे न फिरकणाऱ्या मंडळींना तिची एकाएकी काळजी वाटू लागते. गहू, दूधभुकटी आणि औषधे देऊन गरिबांना बाटवले जाते, परदेशी पैसा ओतला जातो, म्हणून कडक कायदा हवा, अशी ओरड सुरू होते. खेदाची गोष्ट ही की स्वतःला समाजवादी म्हणवणारे काही कार्यकर्तेही खाजगीत याच सुरात सूर मिसळतात.

दुष्काळात मिशनऱ्यांनी अन्न दिले आणि चर्चची सभासदसंख्या वाढली, हे खरे आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचा अनुभव तोच होता. निजामी मराठवाड्यात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल वसवले, त्यासाठी जमीन मिळाली ती सालारजंगाकडून. पाटील-देशमुखांनी आपल्या गावातल्या मांगाला चार बिघे कसायला दिले असते तर बेथेलची गरज कोणाला पडली असती? १९७२ च्या दुष्काळात मात्र राज्यात लाखो माणसे सरकारी खडी फोडून मजुरीवर जगली, आणि त्या वर्षी धर्मांतराची लाट आली नाही. भाकर हेच कारण असेल तर त्यावरचा उपाय रोजगार हमी हा आहे; फौजदार नव्हे.

पण भाकर हे एकमेव कारण मानणे हाच त्या माणसांचा अपमान आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अस्पृश्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला, तेथे गव्हाची पोती कोणी उघडली होती?

आफ्रिकेतले उदाहरण अधिक बोलके आहे. सुदानच्या लष्करी राजवटीने १९६४ साली दक्षिणेतील परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर काढले. आरोप आपल्या ओळखीचाच होता : परक्यांचा हात, फुटीरतेला चिथावणी. परिणाम काय झाला? १९८३ ते २००५ या यादवीत सरकारी फौजा आणि त्यांनी पोसलेल्या टोळ्या गावे जाळीत, गुरे हाकून नेत होत्या, त्याच काळात डिंका लोकांत चर्च पूर्वी कधी नव्हते इतके वाढले. गोरा पाद्री तेथे क्वचितच दिसत होता. प्रचारक त्यांच्यातलेच, पुष्कळदा तरुण मुले आणि बाया. गीतेही त्यांच्याच भाषेत, त्यांनीच रचलेली. घर, गुरे आणि कुळ गमावलेल्या माणसाला तेथे निदान नावाने हाक मारणारा समूह भेटला. पाद्री हाकलल्याने चर्च थांबत नाही, कारण ते पाद्र्यामुळे वाढलेलेच नसते.

नांदेड जिल्ह्याला हे सांगायला सुदानपर्यंत जाण्याची खरे तर गरज नाही. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि पुढच्या काही दिवसांत या जिल्ह्यात दलितांची घरे जळाली. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मातंग होते. त्यांना ठार मारण्यात आले. ज्यांनी मारले ते आणि ज्यांना मारले ते, जनगणनेच्या तक्त्यात एकाच धर्माच्या रकान्यात मोडत होते. त्या रकान्याच्या रक्षणासाठी आज गळा काढणाऱ्यांनी या हिशेबाचे उत्तर आधी द्यावे.

याचा अर्थ चर्चला निर्दोषत्वाचा दाखला द्यावा असा नाही. तमिळनाडूतील काही गावांत दलित ख्रिस्त्यांची दफनभूमीसुद्धा निराळी आहे. दक्षिण सुदान २०११ साली स्वतंत्र झाला आणि २०१३ च्या डिसेंबरात एकाच क्रुसापुढे गुडघे टेकणारे डिंका आणि नुएर एकमेकांच्या जिवावर उठले. दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून तापाने फणफणलेल्या पोराला प्रार्थनेने बरे करू पाहणारा प्रचारक आणि अंगारा देणारा देवऋषी यांत विवेकवाद्याने फरक करू नये. उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकून निघालेल्या जोडप्याला मुकादमाच्या कर्जातून कोणतीही प्रार्थना सोडवीत नाही, आणि ही गोष्ट चर्चने त्यांना सांगितल्याचे फारसे ऐकिवात नाही.

कायद्याचा अन्याय तर उघडाच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती व मुसलमान दलित बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली. सरकारने २०२२ साली आणखी एक आयोग नेमला. परिणामी मांगवाड्यातील माणूस येशूची प्रार्थना करतो आणि कागदावर हिंदू मांग राहतो, कारण खरे सांगितले तर मुलाची शिष्यवृत्तीच नव्हे, तर ॲट्रॉसिटी कायद्याचे कवचही जाते. गाव मात्र त्याला बाप्तिस्म्यानंतरही मांगच म्हणते. आमिषाचा आरोप करायचाच असेल तर या आदेशाइतके मोठे आमिष आणि धाक दुसऱ्या कोणाकडे आहे?

कार्यकर्त्यांनी प्रार्थनेच्या खोलीबाहेर पहारा देण्यापेक्षा तलाठ्याच्या दप्तरात डोके घालावे. १९९० पूर्वीची गायरानावरील भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. त्याखाली मुखेड तालुक्यात किती मातंग कुटुंबांच्या नावे सातबारा झाला, आणि ज्यांचा झाला नाही त्यांचे अर्ज कोणाच्या टेबलावर पडून आहेत, याची गाववार यादी पक्षाच्या तालुका शाखेने येत्या ऊसतोडीला माणसे निघण्यापूर्वी तयार करावी. त्या यादीत नाव घालताना कोणालाही त्याचा देव विचारू नये.