बेटांवरची सहल : आधी समुद्राचं पंचांग बघा

भाईंदर पूर्वेहून एका भगिनीचं पत्र आलंय. लग्नाला पंधरा वर्षं झाली, आजवरच्या सुट्ट्या सगळ्या गावी गेल्या, फार तर एकदा महाबळेश्वर. यंदा भिशी लागली आहे, यजमानांना थोडा बोनसही मिळाला आहे, आणि त्यांनी मनावर घेतलंय की अंदमानला जायचं. तेही एका जागी बसून राहायला नाही, तर मोटरबोटीने या बेटावरून त्या बेटावर हिंडायला. सहा दिवसांत पाच बेटं! बरोबर दोन मुलं आणि सासूबाई. या भगिनीला पोहता येत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जीव गेले, ते तिच्या डोळ्यांपुढून हलत नाही. ती लिहिते, “भीती वाटते म्हटलं तर घरात हसतात. नाही म्हटलं तर सगळ्यांचा हिरमोड. काय करू?”

जा की! पण बेत तुम्ही आखा. ज्याला भीती वाटते तोच जॅकेट आहे का, परतीचं काय, औषध घेतलं का, हे विचारतो. घरात असा एक माणूस असलेला बरा, आणि बहुतेक घरांत तो कोण असतो हे आपल्याला ठाऊक आहे.

सगळ्यात आधी दिवस ठरवा, हॉटेल मागाहून. समुद्र कधी बंद आणि कधी खुला, हे तुमच्याच गावात उत्तनच्या कोळणींना विचारा. आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, मांडव्याच्या लाँचही पावसाळ्यात थांबतात. मग नारळी पौर्णिमा होते, दसरा-दिवाळी येते, आणि आपल्याला वाटतं, झालं, समुद्र मोकळा! इथेच मुंबईकडची माणसं फसतात. अंदमान बंगालच्या उपसागरात आहे, आणि तिथे पाऊस दोनदा येतो. नैऋत्येचा मोसमी पाऊस तिथे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे आपल्या आधीच पोचतो. आणि दसऱ्यानंतर आपलं आकाश निवळतं, तेव्हा तिकडे ईशान्येचं वारं आणि वादळं सुरू होतात, ती पार डिसेंबरपर्यंत. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळामुळे हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले होते. बोटी बंद, वीज नाही, खोल्या पुरेनात. शेवटी नौदलाने जहाजं पाठवून त्यांना बाहेर काढलं.

तेव्हा दिवाळीची सुट्टी कितीही सोयीची असली तरी या सहलीला नको. नाताळात गर्दी आणि दर दोन्ही चढलेले. जानेवारी ते एप्रिल हे महिने उत्तम. मुलांची शाळा आडवी येत असेल तर परीक्षा आटोपल्याबरोबर एप्रिलच्या अखेरीस निघा. ऊन असेल, पण समुद्र बहुधा शांत असतो. मेच्या मध्यावर मात्र ढकलू नका, त्या महिन्यातही त्या समुद्रात चक्रीवादळं होतात.

आता पाच बेटांविषयी. तुमच्या यजमानांना वाटतंय तशी स्वतंत्र बोट भाड्याने घेऊन हव्या त्या बेटाला लावायची, हे तिथे चालत नाही. बेटं पाचशेहून जास्त आहेत, पण वस्ती त्यातल्या तीस-चाळीस बेटांवरच, आणि पर्यटकांना मोकळी त्याहून कमी. आदिवासींसाठी राखलेल्या बेटांकडे फिरकणंसुद्धा गुन्हा आहे. काही ठिकाणी वनखात्याची परवानगी लागते. (लक्षद्वीपचा विचार कोणी करत असेल तर तिथे जायलाच परवाना लागतो, आणि त्याला वेळ जातो.)

तेव्हा दोन बेटं पुष्कळ झाली, हॅवलॉक आणि नील. २०१८ पासून त्यांची नावं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी आहेत, आणि पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे. तिकिटावर नवी-जुनी दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका. श्री विजयपुरमहून हॅवलॉक सागरी मार्गाने चाळीसेक किलोमीटर. खासगी मोठ्या बोटींना दीड-दोन तास लागतात, सरकारी बोटीला थोडे जास्त. तिथून नील तासाभरावर. बेटाबेटांमधला हा उघडा समुद्र मोठ्या बोटीनेच ओलांडायचा. लहान मोटरबोट फक्त किनाऱ्यालगतच्या छोट्या फेरीसाठी. मोटरबोटीचा शौक तेवढ्यावर भागतो, आणि भागवावा.

पहिला दिवस श्री विजयपुरमचा ठेवा, सेल्युलर जेलसाठी. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं त्याचं बांधकाम चाललं, सात पाखांपैकी आज तीन उभी आहेत. सावरकरांना १९११ पासून दहा वर्षं तिथे ठेवलं होतं. सासूबाईंच्या पिढीला ही जागा पाहण्याची किती ओढ असते, ते सांगायला नको. घाईत उरकू नका. दुसऱ्या दिवशी जवळचं रॉस बेट, बोटीने दहा-पंधरा मिनिटांचं. मग दोन रात्री हॅवलॉक, एक रात्र नील, आणि परत श्री विजयपुरम.

इथे खरी मेख आहे. विमानाच्या आदल्या रात्री तुम्ही श्री विजयपुरमलाच हव्यात, आणि त्याच्याही आधी एक दिवस संपूर्ण रिकामा हवा. बोट रद्द झाली तर तो दिवस कामी येईल, न झाली तर मुलं किनाऱ्यावर खेळतील. “फुकट एक दिवस कशाला?” असं म्हणून घरातली मंडळी पहिली कात्री याच दिवसाला लावतील. लावू देऊ नका! हवं तर नीलची रात्र गाळा, पण हा दिवस ठेवा. पाच जणांची विमानाची तिकिटं बुडाली तर काय खर्च येतो याचा हिशेब कागदावर मांडून दाखवा, तोंडी वाद घालण्यापेक्षा ते बरं. आणि बोटीचं तिकीट काढताना विचारून घ्या, हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत की दुसऱ्या दिवशीची जागा?

तिथे उजाडतं पहाटे पाचच्या सुमाराला, आणि संध्याकाळी साडेपाचला अंधारायला लागतं, कारण बेटं पूर्वेला आणि घड्याळ आपलंच. म्हणून सगळे बेत सकाळचे करा. दुपारनंतरच्या लहान बोटीला शक्यतो जाऊ नये.

लहान बोटीविषयी कडक बोलते, रागावू नका. २६ जानेवारी २०१४ ला रॉस बेटाजवळच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून एकवीस माणसं गेली. समुद्र खवळला म्हणून नव्हे, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं भरली होती म्हणून. बोटीवर किती माणसांची परवानगी आहे ते विचारा, आणि बसलेली माणसं मोजा. आपण लग्नाच्या पंगतीत पानं मोजतो, तशी. जॅकेट नुसतं मांडीवर नको, बक्कल लावून अंगात. मुलांना मुलांच्या मापाचं. मोठ्यांचं घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली राहतं. लहान माप नसेल किंवा गर्दी जास्त असेल तर उतरा. “अहो, काही होत नाही,” असं बोटवाला म्हणेल, कदाचित यजमानही म्हणतील. तरी उतरा. चार माणसांत शोभा होईल, होऊ द्या.

निघण्याआधी महिनाभर एक रंगीत तालीम करा. भाईंदरहून वसईला रो-रो बोट फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झाली आहे. खाडी शांत, प्रवास थोडक्यात. पुढच्या रविवारी गेटवेहून घारापुरी (सोमवारी लेणी बंद असतात). अपघाताची आठवण मनात असली तरी जॅकेट घालून हाच प्रवास एकदा केलात तर निम्मी भीती उतरेल. कुणाला बोट लागते, सासूबाईंना धक्क्याच्या पायऱ्या जमतात का, हे घराजवळच कळलेलं बरं. ओहोटीला धक्का आणि बोट यांत बरंच अंतर पडतं. चढताना पाचवारीचा घोळ पायात येतो, त्यामुळे बोटीच्या दिवशी सलवार-कमीज उत्तम. सासूबाई नऊवारी नेसत असतील तर प्रश्नच नाही. उत्तनच्या बायका कासोट्यातच बोटीत चढतात-उतरतात, आपल्यापेक्षा चपळ.

बोट लागू नये म्हणून सकाळी तळलेलं नको, पण पोट अगदी रिकामंही नको. दशमी, कोरडी चटणी, एखादं केळं. आल्याची वडी जिभेवर ठेवावी. बोटीच्या मधोमध, खालच्या बाजूला बसावं आणि नजर दूर क्षितिजावर. मोबाईलमध्ये डोकं घातलं की मळमळ आलीच. उलटीची गोळी निघण्याआधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर नव्हे. सासूबाईंना रक्तदाबाचं औषध चालू असेल तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. त्यांच्या रोजच्या गोळ्या चार दिवसांच्या जास्त घ्या, आणि दोन पिशव्यांत विभागून ठेवा. रोख पैसेही तसेच, कारण बेटावर मशीन बंद पडलं तर कार्ड काय कामाचं?

आणि मुलांना आधीच बजावा, किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, पोवळ्याचे तुकडे उचलायचे नाहीत. पोवळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. विमानतळावर पिशव्या उघडतात, मग मुलांचं रडणं आणि दंडाची भीती. शोकेसमध्ये ठेवायला काही हवंच असेल तर सरकारी दुकानातून पावतीसह घ्या, आणि ती पावती हातातल्या पर्समध्ये ठेवा, सामानात नको.