सेटच बदला म्हणे!

परवा सोमेश्वरहून येताना चेन फारच कुरकुरायला लागली, म्हणून गंगापूर रोडवर एका दुकानात थांबलो. पोरगं नीट न बघताच म्हणालं, "काका, सगळा सेटच बदला, नऊचा टाकू." नऊचा? माझं फ्रीव्हील सातचं! म्हणजे शिफ्टरही नवे आलेच...

अहो, आधी फूटपट्टी लावा की! चेनच्या एका पिनेपासून पुढची चोविसावी पीन बरोबर 12 इंचांवर हवी. 1/16 इंच वाढली तर नुसती चेन बदला. 1/8 झाली की फ्रीव्हीलचे दातही गेलेले असतात, त्यावर नवी चेन घसरणारच. माझी भरली 1/16. सातचीच चेन आणून घरी बसवली.

2015 मध्ये महाजन बंधूंनी अमेरिकेतली 'रॅम' पुरी केली हे आपण नाशिककर अभिमानाने सांगतो, स्वतःची चेन मात्र मोजत नाही! असो. मामा, रविवारी तुमची मोजायला येतोय.