मांडवीच्या झगमगाटात हरवलेला हिरवा दिवा

पणजीच्या धक्क्यावरून रात्री मांडवीकडे पाहणाऱ्याला अंधार दिसत नाही. तरंगत्या कॅसिनोंच्या रोषणाईने पाणी निळे, जांभळे, लाल, हिरवे होते. तिन्ही समांतर पुलांवरच्या दिव्यांची रांग त्यात उतरते आणि सहलीच्या बोटींवरचे रंग बदलणारे पट्टे त्यात आपली भर घालतात. या उजेडातून खनिजाने भरलेली बार्ज खाली उतरते, बेतीची फेरीबोट आडवी जाते आणि पाग टाकायला निघालेली एखादी होडी काठाकाठाने सरकत असते. या तिघांनी एकमेकांना ओळखायचे ते ठरावीक जागी, ठरावीक कोनात लावलेल्या मोजक्या दिव्यांवरून. ते दिवे या झगमगाटात दिसतात का, हा प्रश्न खाण व्यवसायाच्या पुनरारंभानंतर पुन्हा समोर आला आहे. त्याची म्हणावी तशी चर्चा मात्र झालेली नाही.

२०१२ ची खाणबंदी, मर्यादित परवानगीची मधली काही वर्षे आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर आलेली स्तब्धता, या काळात गोव्याच्या बार्ज मोठ्या प्रमाणात धक्क्याला बांधून राहिल्या. काही भंगारात गेल्या, काही राज्याबाहेर गेल्या. लिलावातून दिलेल्या खाणपट्ट्यांवर २०२४ पासून उत्खनन सुरू झाले आणि नदीतली वाहतूकही हळूहळू जागी होत आहे. बांधून ठेवलेल्या जहाजाचे इंजिन दुरुस्त करण्याकडे मालकाचे लक्ष असते, कारण त्याशिवाय जहाज हलत नाही. दिव्यांच्या वायरी गंजल्या तरी जहाज चालते, म्हणून ते काम मागे पडण्याचा धोका अधिक.

मधल्या काळात नदीही बदलली. बार्जवरचे जुने सारंग ज्या मांडवीतून रात्री वाट काढत, तिच्यात आजच्याइतकी गर्दी नव्हती आणि इतका उजेडही नव्हता. अटल सेतू २०१९ मध्ये खुला झाला. रायबंदर–चोडण मार्गावर २०२५ मध्ये रो-रो फेरीबोटी आल्या. दिवाडी, चोडण, सांतइस्तेव्ह येथील लोकांसाठी फेरी हा रस्ताच आहे. रात्री उशिरा कामावरून परतणारा दिवाडीकर नदीतल्या दिव्यांच्या विश्वासार्हतेवर रोज आपला जीव सोपवतो. त्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण ज्यांचे काम आहे त्यांना ठाऊक असायला हवे.

नियम काय सांगतात ते आधी पाहू. समुद्रावरील टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम समुद्राला जोडलेल्या आणि सागरी जहाजे जाऊ शकतील अशा पाण्यालाही लागू होतात. नद्यांसाठी वेगळे नियम करायचे झाल्यास ते शक्य तितके त्यांच्या जवळचे असावेत, अशी त्यातच तरतूद आहे. देशात १९१७ च्या कायद्याची जागा घेणारा अंतर्देशीय नौका कायदा २०२१ मध्ये संमत झाला आणि पुढच्या वर्षी अंमलात आला. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार यंत्रचलित नौकेच्या डोलकाठीवर समोरच्या २२५ अंशांत दिसणारा पांढरा दिवा हवा; डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा, प्रत्येकी ११२.५ अंशांचा, आणि मागे १३५ अंशांचा पांढरा. ५० मीटर किंवा त्याहून लांब नौकेला मागच्या बाजूस, पहिल्यापेक्षा उंचावर, डोलकाठीचा दुसरा दिवा लागतो. गोव्याच्या अनेक बार्ज या लांबीच्या आहेत. त्यांच्या बाजूच्या दिव्यांचा पल्ला तीन सागरी मैल असावा लागतो, त्याहून लहान नौकांचा दोन मैल आणि १२ मीटरखालच्यांचा एक.

या पल्ल्यांमागे एक सूत्र आहे आणि मांडवीचा सगळा प्रश्न त्या सूत्रात दडला आहे. तीन मैलांसाठी १२ कँडेला, दोन मैलांसाठी ४.३ कँडेला तीव्रता पुरते, असे नियमांच्या परिशिष्टात दिले आहे. पण हा हिशेब काळोखी पार्श्वभूमी गृहीत धरून केलेला आहे. दीपस्तंभ आणि बोयांचे दिवे ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना मागे थोडा उजेड असेल तर दहापट आणि भरपूर उजेड असेल तर शंभरपट प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचायला हवा, असे मानते. तेच गुणक या सूत्रात घातले, तर बार्जचा तीन मैलांचा दिवा शहराच्या झगमगाटापुढे जेमतेम साडेसातशे मीटरवरून ओळखता येतो. फेरीबोटीच्या आकाराच्या नौकेचा दोन मैलांचा दिवा साडेचारशे मीटरवर येतो. दोन नौका प्रत्येकी सहा नॉट वेगाने समोरासमोर येत असतील, तर साडेचारशे मीटर संपायला सव्वा मिनिटाहूनही थोडा कमीच वेळ लागतो. हजार-दोन हजार टन खनिज घेऊन प्रवाहाबरोबर उतरणारी बार्ज एवढ्या वेळात थांबत नाही. फार तर थोडी वळते.

म्हणजे नियमाप्रमाणे दिवा लावलेला, तपासणीत उत्तीर्ण झालेला, तरीही पणजीसमोर अपुरा, अशी स्थिती संभवते. त्यात दिवा नवा आणि स्वच्छ असल्याचेही गृहीत आहे. प्रत्यक्षात खनिजाची लाल धूळ काचेवर बसते आणि पावसाळ्यात तिचा चिकट थर होतो. लाल काचेवर तो डोळ्याला खटकत नाही, हिरव्या काचेचा उजेड मात्र गिळतो. तीव्रता तिसऱ्या हिश्श्यावर आली की तीन मैलांचा दिवा दोन मैलांचाही राहत नाही.

लंडनच्या टेम्स नदीत २० ऑगस्ट १९८९ च्या पहाटे दोनच्या सुमारास वाळूउपसा करणारे ‘बोबेल’ हे जहाज ‘मार्शनेस’ या सहलीच्या बोटीवर मागून आदळले. वाढदिवसाच्या मेजवानीसाठी जमलेल्यांपैकी ५१ जण बुडाले. ती नदीही अंधारी नव्हती, शहराच्या मध्यातली होती. दोन्ही नौकांवर पुरेशी टेहळणी नव्हती, हा चौकशीतला मुख्य निष्कर्ष. ‘बोबेल’चे सुकाणूघर मागच्या टोकाला होते आणि तिथून पुढचे पाणी नीट दिसत नव्हते. गोव्याच्या बार्जची रचना नेमकी तशीच आहे. सुकाणूघर मागे आणि समोर लांबलचक खण. अशा जहाजाच्या पुढ्यात मागचा पांढरा दिवा लावून चाललेली छोटी बोट काठावरच्या शेकडो पांढऱ्या दिव्यांपैकी एक होऊन जाते.

त्यामुळे कोणता दिवा बसवायचा हा प्रश्न केवळ खरेदी विभागाचा नाही. जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब आणि एलईडी यांच्यातला फरक साध्या गणिताने कळतो. २४ व्होल्टच्या बॅटरीवर ४० वॉटचा बल्ब १.६७ अँपियर घेतो. सुकाणूघरापासून नाळेपर्यंत साठ मीटर, जाऊन-येऊन १२० मीटर, दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार टाकली, तर वाटेतच सुमारे अडीच व्होल्ट गळतात. दाब दहा टक्क्यांनी उतरला की तारेच्या बल्बचा उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. गंजलेल्या जोडण्यांची गळती वेगळीच. पाच वॉटचा एलईडी याच तारेवर पाव अँपियरहून कमी घेतो, गळती नगण्य राहते, आणि चांगल्या प्रतीच्या संचात दाब थोडा उतरला तरी उजेड तोच ठेवण्याची सोय असते. बांधून पडलेल्या बार्जवरच्या जुन्या तारांसाठी हा मोठाच दिलासा.

पण एलईडी म्हणजे बाजारातून आणलेला कोणताही एलईडी नव्हे. नाविक दिव्याची काच आणि पडदे आतल्या बल्बच्या तारेची जागा धरून कापलेले असतात. जुन्या कंदिलात नुसता एलईडी बल्ब खोचला, तर प्रकाशाचा उगम सरकतो आणि कोन बिघडतात. हिरवा दिवा नाळेपलीकडे डाव्या अंगालाही दिसू लागला, तर समोरच्याला ही नौका आपल्याकडे येते आहे की बाजूने जाते आहे हेच उमगणार नाही. नियम इथे तीन अंशांहून अधिक सूट देत नाहीत. रंगाचेही तसेच. थंड पांढरा एलईडी जुन्या हिरव्या काचेआड निळसर दिसू शकतो, आणि मांडवीत निळ्या दिव्यांना तोटा नाही. संपूर्ण संच एकत्र बदलणे आणि तो वर्गीकरण संस्थेने प्रमाणित केलेला असणे, एवढी अट निविदेत नसेल, तर सर्वांत कमी दराची निविदा सर्वांत निरुपयोगी माल घेऊन येते.

एलईडीचा दुसरा दोष असा की तो मरताना कळत नाही. बल्ब विझला की खलाशाला दिसते. एलईडी वर्षानुवर्षे मंद होत जातो, पेटलेलाच दिसतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००७ च्या ठरावात अशा दिव्यांसाठी तीव्रता घटल्याची सूचना देणारी व्यवस्था किंवा उत्पादकाने दिलेल्या आयुर्मर्यादेतच वापर, असा पर्याय ठेवला. दिवा कोणत्या दिवशी बसवला याची नोंद जहाजावर नसेल, तर ही मर्यादा कागदावरच राहते.

तिसरा दोष कानाशी संबंधित आहे. स्वस्त एलईडींच्या आतले वीजमंडल रेडिओलहरी सोडते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये इशारा दिला होता की अशा दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओ आणि स्वयंचलित ओळखप्रणाली बहिरी होऊ शकते. तपासण्याची पद्धत सोपी आहे. शांत वाहिनीवर रेडिओ लावायचा, खरखर जेमतेम थांबेल इतका ‘स्क्वेल्च’ ठेवायचा आणि दिवे पेटवायचे. खरखर परत आली, तर दोष दिव्यात. फेरीधक्क्यावर पाच मिनिटांत होणारे हे काम आहे.

देखभालीची बाकी कामेही अशीच छोटी आणि म्हणून टाळली जाणारी. गोड्या पाण्याने काच धुणे, प्लास्टिकच्या काचेला थिनर न लावणे, केबल खालून आत घेणे, कथिल चढवलेली तार वापरणे, रबराची कडी दर पावसाळ्याआधी बदलणे, प्रत्येक दिव्याला स्वतंत्र फ्यूज आणि सुकाणूघरात विझल्याची सूचना देणारी पट्टी. घरगुती वायर आणि चिकटपट्टी यांनी केलेली जोडणी खाऱ्या हवेत एक हंगामही टिकत नाही. कुंभारजुव्याच्या कालव्यातून पावसाळ्यात बार्ज नेणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. आग्वादचा बार त्या दिवसांत धोक्याचा, म्हणून झुआरीकडे जायचा हा आडमार्ग; आणि तो अरुंद, वळणाचा, मुसळधार पावसात दहा हातांवरचे न दिसणारा.

सर्व जबाबदारी कामकरी नौकांवर टाकणे मात्र अन्यायाचे ठरेल. नाविक दिव्यांशी गल्लत होईल किंवा टेहळणीत अडथळा येईल असे अन्य दिवे नौकेने लावू नयेत, हे त्याच नियमांच्या विसाव्या कलमात आहे. नांगरलेल्या नौकेने डेक उजळणे मान्य आहे. शंभर मीटर किंवा त्याहून लांब नौकेला तर ते बंधनकारक आहे. पण डेक उजळणे वेगळे आणि जलमार्गाकडे तोंड करून लाल-हिरव्या अक्षरांची उघडझाप करणे वेगळे. बंदर कप्तान खात्याने कॅसिनो आणि सहलीच्या बोटींना पाण्याकडील बाजूस हे दोन रंग वर्ज्य केले आणि झोत खाली वळवायला लावले, तर कोणाच्या महसुलाला धक्का लागणार नाही. नदी परिवहन खात्यानेही आपल्या फेरीबोटींवर रॅम्पकडे तोंड करून उभ्या वाहनांचे दिवे नदी पार होईपर्यंत बंद ठेवण्याचा दंडक काटेकोर पाळावा. सुकाणूवरच्या माणसाचे अंधाराला सरावलेले डोळे एका झोताने काही मिनिटांसाठी निकामी होतात.

राहते ती होडी. सात मीटरखालच्या, सात नॉटहून मंद नौकेला सर्व बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. वल्ह्याच्या होडीला तर वेळेवर दाखवता येईल अशी विजेरी किंवा कंदील हाताशी असला तरी पुरते. नियमकर्त्यांनी हे काळोख्या पाण्यासाठी लिहिले. देशात असे पाणी अजून बरेच आहे. तापी हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० हतनूर धरणापासून खाली मोजला जातो. त्याच्या वरच्या खोऱ्यातले, बऱ्हाणपूर जिल्ह्यातले तुकईथड नावातच नदीची थड वागवते, पण घोषित जलमार्गाच्या बाहेर राहते. तिथल्या काळोखात एक कंदील पुष्कळ झाला. यंत्राविना चालणाऱ्या अशा होड्यांची नोंद व देखरेख स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची मुभा २०२१ च्या कायद्याने राज्यांना दिली आहे. गोव्यात मांडवी ६८, झुआरी १११ आणि कुंभारजुवा २७ क्रमांकाचे राष्ट्रीय जलमार्ग. इथला होडीवाला बार्जच्या वाटेतच जाळे टाकतो आणि त्याच्या विजेरीमागे अख्खी पणजी पेटलेली असते. काठावरच्या पंचायतींमार्फत अशा होड्यांना बॅटरीवर चालणारा, सर्व बाजूंनी दिसणारा प्रमाणित दिवा देण्याचा खर्च सहलीच्या एका बोटीच्या सजावटीपेक्षा जास्त असणार नाही.

तपासणीची वेळ हा आणखी एक मुद्दा. दिवे दिवसा, धक्क्याला बांधलेल्या नौकेवर, बटण दाबून पाहिले तर ते पेटतात एवढेच सिद्ध होते. वार्षिक तपासणीतला निदान एक भाग रात्री, पणजीच्या पात्रात, समोरच्या बोटीतून व्हायला हवा: बार्जच्या सुकाणूघरातून फेरी दिसते का, फेरीतून बार्जचा हिरवा कोणत्या अंतरावर ओळखू येतो, आणि होडीतून या दोन्हींचे काय दिसते. खनिजाची वाहतूक पुरती वाढण्याआधी हे मोजून घ्यायला बंदर कप्तान खात्याला एक गस्तीबोट आणि दोन-तीन रात्री पुरतील.