'त्यांच्यात' चालतं?

बालविवाहाचा विषय निघाला की आमच्या भोकरदनकडची शिकलेली माणसं एक वाक्य हमखास बोलतात, "ते तांड्यावर, भिल्लांच्या वस्तीवर चालतं हो, आपल्यात नाही." नात्यातल्या लग्नांत हे इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही, म्हणून लिहितेय.

आधी आकडे बघू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणी जिल्ह्यात ४८ टक्के! आपला जालनाही राज्याच्या सरासरीच्या वरच. आता सांगा, परभणीतल्या निम्म्या मुली काय तांड्यावर राहतात?

बरं, तांड्याचंच बोलू. मराठवाड्यातून ऊस तोडायला जाणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादम उचल देतो ती जोडीला. आईबाप कित्येक महिने फडावर. वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? लग्न लावलं की काळजी मिटते आणि नवा कोयताही तयार होतो. याला तुम्ही 'त्यांची रूढी' म्हणता? यात रूढीइतकाच मजुरीच्या पद्धतीचाही हात आहे. आणि साखर आपण सगळेच खातो.

'आपल्यात' तरी वेगळं काय आहे? दहावीनंतर कॉलेज लांब, एसटीचा भरवसा नाही, पोरगी म्हणजे परक्याचं धन, चांगलं स्थळ पुन्हा येत नाही, शिकून करायचंय काय... भीती तीच, अब्रूची कल्पना तीच, आणि तिचा सगळा भार मुलीच्याच डोक्यावर. मुलाला यातलं काही कुणी ऐकवत नाही. फरक एवढाच की आपला मांडव मोठा असतो.

२००६ च्या कायद्यानं असं लग्न लावणाऱ्यालाच नव्हे, तर त्याला हजर राहणाऱ्यालाही दोषी धरलंय. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड. म्हणजे अक्षता टाकून, पंगतीत जेवून "आपला काय संबंध" म्हणायची सोय राहिलेली नाही.

तेव्हा काका-मामा-आत्यांनो, स्पष्टच सांगते. यापुढे लग्नपत्रिका आली की मी आधी मुलीचं वय विचारणार. अठरा पूर्ण नसतील तर जेवायला येणार नाहीच, वर १०९८ ला फोनही लावणार. मग कुणाला रुसायचं असेल त्यांनी खुशाल रुसावं.